रविवारचं वजन

शनिवार, ८ फेब्रुवारी

आजपासून लिहायचं ठरवलंय. बोलायला गेलं की भांडण होतं आणि गप्प बसलं की माझंच पोट फुगतं. तसं ते फुगलेलंच आहे म्हणा, पाचवा महिना.

आज दवाखान्यात गेले होते. तिथला वजनकाटा नेमका कॉरिडॉरमध्ये, बाकांच्या दोन रांगांच्या मधोमध. चढा, आणि सगळ्यांनी बघा. आकडा लिहून घेणारी मुलगी पार पलीकडच्या टेबलाशी, म्हणून काट्यापाशी उभी असलेली नर्स तिला ओरडून सांगते. "एक्क्याण्णव!" जशी काही लॉटरीच लागली. बाकावरच्या एका बाईने तोंडाला रुमाल लावला. मी तिला म्हटलं, "नवऱ्यासकट नाही हं, एकटीचं आहे." बिचारी ओशाळली. मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र कानात तोच आकडा.

या वेळची डॉक्टरीणबाई भली आहे. मागच्या वेळचा तो मेला डॉक्टर, पाचव्याच महिन्यात बाळ गेलं आणि मी टेबलावरून उठलेही नव्हते, तर म्हणाला होता, "एवढं वजन घेऊन दुसरं काय होणार?" हिने खुर्चीत बसवून सांगितलं. वजन जास्त असलं की साखर वाढू शकते, रक्तदाब वाढू शकतो, बाळ मोठं होऊन अडू शकतं, पोट उघडावं लागलं तर जखम भरायला वेळ लागतो. होईलच असं नाही, पण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. "आता बारीक व्हायच्या भानगडीत पडू नका. उपाशी तर अजिबात राहायचं नाही. पण वजन एकदम चढायला लागलं, आठवड्यात दोन किलो वगैरे, तर त्याच दिवशी मला कळवायचं. ते खाण्याचं नसतं, अंगात साठलेल्या पाण्याचं असतं. ते वाईट."

बाहेर आले आणि मोठ्या सिस्टरना गाठलं. म्हटलं, मी येईन तेव्हा सगळं तपासा, पण त्या चव्हाट्यावरच्या काट्यावर मला चढवू नका. मी घरी करते वजन. दर रविवारी करीन, सोमवारी फोन करून सांगीन.

"घरचा काटा धड आहे का?"

"सिस्टर, माझा नवरा काटेवाला आहे."

खरंच आहे. इथल्या सगळ्या दुकानांचे, गोदामांचे काटे तोच दुरुस्त करतो, तपासून शिक्का मारतो. या दवाखान्यातलेसुद्धा. सिस्टर हसल्या. म्हणाल्या, "मग आमच्यापेक्षा तुमचाच खरा."

रविवार, १६ फेब्रुवारी

साडेब्याण्णव.

मी काय खाल्लं असं? आठवडाभर मोजून मापून खातेय. नवऱ्याला आकडा सांगितला तर म्हणतो, "बरं मग, बाळ वाढणार नाही का?" याचं बरंय. हा सुतळीसारखा, कितीही खाल्लं तरी सुतळीच.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज फजिती झाली. रविवारपासून मी सकाळी काळा चहा आणि दुपारी काकडी एवढ्यावर होते. त्याला सांगितलं नव्हतं. दुपारी माझ्या शिवणाच्या गिऱ्हाइकाच्या, बेकरीवालीच्या, कोटाचं कापड बेतायला टेबलावर पसरलं, कात्री उचलली, आणि पुढचं आठवतंय ते म्हणजे मी टेबलाखाली आणि तो माझ्या तोंडावर पाणी मारतोय.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "काय खाल्लंस सकाळपासून?" मी काहीतरी थाप मारली. तो स्वयंपाकघरात गेला, भांडी उघडून बघितली, परत आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, "मागच्या वेळीही तू हेच करत होतीस. काट्यावरून उतरायचीस आणि ताट बाजूला सारायचीस."

"त्याचा आणि त्याचा काही संबंध नाही," मी म्हटलं.

"मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. आणि मला परत ते बघायचं नाही."

मग त्याने अंडी उकडली, पाव भाजला, आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत समोर बसून राहिला, शाळेतल्या मास्तरसारखा. संध्याकाळी बघितलं तर आमचा काटा मांडीवर उलटा घेऊन बसला होता, तळाचा पत्रा काढून, आतली स्प्रिंग उघडी. म्हटलं, काय झालं त्याला? म्हणाला, "तेल घालतोय. कुरकुरतो."

मला कधी कुरकुरताना ऐकू आला नाही. पण त्याचे कान काट्यांचे आहेत.

रविवार, २३ फेब्रुवारी

एक्क्याण्णव! पोटभर जेवूनसुद्धा! मी दोनदा उतरून दोनदा चढले. रिकामा असताना काटा बरोब्बर शून्यावर उभा, म्हणजे शंका घ्यायला जागाच नाही. त्याला हाक मारून दाखवलं. तो दाराशी उभा राहून म्हणाला, "बघ. उगाच जीव खात होतीस."

दुपारी दोनदा वाढून घेतलं आणि ताणून झोपले. कित्येक दिवसांनी घर हलकं वाटलं.

बुधवार, १२ मार्च

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण रडण्यासारखं काही नव्हतं. वजन एक्क्याण्णव, साडेएक्क्याण्णव, परत एक्क्याण्णव. दर सोमवारी मोठ्या सिस्टर फोनवर "शाब्बास" म्हणतात आणि मी पहिला नंबर आल्यासारखी मिरवते.

ताई येऊन गेली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिला दोन मुलं झाली तरी कंबर तशीच, आणि ते ती विसरू देत नाही. माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "अंगठी रुतलीय गं तुझी." साबण लावून काढायला गेलो तर बोट लालभडक झालं, पण अंगठी काही हलेना. ताई म्हणाली, "वजन वाढलंय तुझं." मी ताठ मानेने तिला काट्यावर चढून दाखवलं. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

दवाखान्यात रक्तदाब थोडा जास्त आला. नर्सने पट्टा बांधला तर माझ्या दंडाला तो जेमतेम पुरला, फटकन सुटला. मोठा पट्टा दुसऱ्या वॉर्डात गेलाय म्हणे. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "लहान पट्ट्यावर आकडा जास्तच येतो. वजन काय म्हणतंय?" म्हटलं, जागच्या जागी. "मग काळजी नको. पुढच्या वेळी मोठ्या पट्ट्याने घेऊ."

शुक्रवार, ११ एप्रिल

आज एक विचित्र झालं. माझे सगळे कपडे आवळायला लागलेत, म्हणून स्वतःसाठी एक सैल झगा बेतायला घेतला. माप घेतलं. दंड, मनगट, पोटऱ्या. दीड महिन्यापूर्वीची मापं मला पाठ आहेत; गिऱ्हाइकाचं माप मी विसरत नाही, तर स्वतःचं काय विसरणार? पोट वाढलं ते समजू शकते. पण मनगट? मनगटात बाळ असतं का?

मग लक्षात आलं. गेल्या आठवड्यात टेप चुकून धुण्यात गेली होती, गरम पाण्यात. आटली असणार. आटलेली टेप जास्तच माप दाखवते. त्याला सांगितलं, तर तो बुटाची नाडी बांधत होता. खाली बघूनच म्हणाला, "असेल. आटली असेल." नाडी बांधायला त्याला आज फारच वेळ लागला.

मंगळवार, १५ एप्रिल

बेकरीवालीच्या कोटाची ट्रायल झाली. काम अडून राहिलं होतं, म्हणून टेप धुतल्यावर तिची मापं मी त्याच टेपने परत घेतली होती, आणि कापड बेतलं होतं ते लाकडी पट्टीने. आटलेली असती तर कोट ढगळ झाला असता. पण अंगावर असा बसला की ती आरशासमोरून हलेचना. "तुमच्या हाताला तोड नाही," म्हणाली. मी हसले, पण माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

तिच्यामागोमाग बाहेर पडून नवी टेप आणली. घरी येऊन मनगट मोजलं. तेच. पोटरी मोजली. तेच.

म्हणजे टेप खरी. मग वजन का वाढत नाही?

गुरुवार, १७ एप्रिल

मला आता कळलं. मी जाड होतेय, मग वजन तेवढंच राहायला आतलं काहीतरी कमी व्हायला हवं ना? बाळ वाढतच नसेल तर? मागच्या वेळीही मला काही कळलं नव्हतं. मी हसत होते, कपडे शिवत होते, आणि आत सगळं थांबलेलं होतं.

त्याला जेवताना सांगितलं. त्याचा हात ताटातच राहिला. "बाळ ठीक आहे," म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"वाढतंय ते. शपथ घेतो."

"अरे, डोंबलाची शपथ! काटा काय सांगतोय ते दिसत नाही का तुला?"

तो उठला आणि हात धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता. मला राग आला. माझ्या जिवाची घालमेल चाललीय आणि याला हात धुवायचे सुचतायत.

रविवार, २० एप्रिल

त्र्याण्णव! गेल्या रविवारच्या साडेएक्क्याण्णववर दीड किलो वाढलं! मी रडलेच. वाढलं म्हणून आनंदाने रडणारी मी पहिलीच असेन. त्याच्या गळ्यात पडले. म्हटलं, वाढतंय रे, बाळ वाढतंय! त्याने मला धरून ठेवलं. त्याची छाती धडधडत होती.

सकाळीच त्याने काट्याला परत तेल घातलं होतं. बरं झालं, अडकत असेल कुठेतरी.

रविवार, ४ मे

परत त्र्याण्णव. हलायला तयार नाही. पण आता मला वजनाचं काही वाटेनासं झालंय, कारण अंगात त्राण नाही. तोंड सकाळी सुजलेलं असतं. चपला जात नाहीत, त्याच्या सपाता घालून फिरते. पोटरीवर बोट दाबलं तर खळगा पडतो आणि तसाच राहतो. ताई फोनवर म्हणाली, "बाई, सगळ्यांनाच होतं हे शेवटी शेवटी." डोकं मात्र सारखं ठणकतंय.

त्याचं काय बिनसलंय कळत नाही. आज तीनचार वेळा म्हणाला, "चल ना, दवाखान्यात एकदा दाखवून येऊ." म्हटलं, पुढच्या शनिवारी तारीख आहेच, तोवर कशाला? "तिथल्या काट्यावरही एकदा करू वजन," म्हणाला. मी उसळले. घरी सगळ्यात चोख काटा असताना मी त्या चव्हाट्यावर का चढू? तुझाच काटा तुला पटत नाही का? तो काहीतरी म्हणणार होता. ओठ हलले. मग म्हणाला, "राहू दे." मूग गिळून बसायची याची सवय मला एक दिवस वेड लावेल.

गुरुवार, ८ मे

ओळी हलतायत. डोकं फुटेल असं वाटतं. डोळ्यांपुढे टाचण्या चमकतात, डबी सांडल्यासारख्या. बरगडीखाली दुखतंय. सिस्टरना फोन करते.

शनिवार, १० मे

दवाखान्यात आहे. पलंगावरून पाय खाली टाकू देत नाहीत, पण पेन धरता येतं. आठवतंय तसं लिहिते.

त्या दिवशी दुपारी मोठ्या सिस्टरना फोन लावला. डोकं दुखतंय म्हटलं. त्यांनी विचारलं, वजन किती? म्हटलं, त्र्याण्णव, तेवढंच आहे. त्यांच्या आवाजातला ताण कमी झाल्याचं मला कळलं. म्हणाल्या, "बरं, मग पडून राहा, उद्या सकाळी या, बघू."

तो समोर उभा होता. त्याने फोन माझ्या हातातून घेतला. हिसकावलाच.

"सिस्टर, वजन खोटं आहे. काटा मी हलवलाय. एकदा नाही, बऱ्याच वेळा. खरं किती आहे मलाही माहीत नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो फोनवर "हो, हो, आत्ता आणतो" म्हणत होता आणि मी खुर्चीत बसून एकच विचार करत होते, की टेप खरी होती.

टॅक्सीत तोच बोलत होता. तू उपाशी राहत होतीस म्हणून. तू टेबलाखाली पडली होतीस म्हणून. मला वाटलं, आकडा थांबला तर तू जेवशील. रिकामा असताना शून्य दाखवेल अशी स्प्रिंग बसवली, म्हणजे तुला कळणार नाही. (एवढी सफाई कशाला शिकला असेल माणूस!) मग तू बाळ वाढत नाही म्हणून रडलीस, तेव्हा थोडा सोडला. खरं सांगायला गेलो की तुझं तोंड बघायचो आणि जीभ टाळ्याला चिकटायची. मी खिडकीबाहेर बघत होते. टाचण्या चमकतच होत्या.

कॉरिडॉरमधल्या त्याच काट्यावर त्यांनी मला चढवलं. बाकं भरलेली होती. नर्सने आकडा ओरडला नाही, हळू सांगितला. एकशे सात. मला लाज वाटली नाही. लाज वाटायला जीव जागेवर असावा लागतो. मोठ्या पट्ट्याने रक्तदाब घेतला आणि मोठ्या सिस्टरचा चेहरा उतरला. लघवी तपासली. डॉक्टरीणबाई चपला फटफटवत आल्या. म्हणाल्या, बाळ आजच काढायचं, नाहीतर तुम्हाला फिट येऊ शकते. बाळाचा आठवा महिना नुकता लागलाय, पण थांबणं जास्त धोक्याचं.

दवाखान्याचा झगा माझ्या पाठीवर मिटेना. दोन्ही बाजूंना एकेक कळी, कापडाची तिकोनी पट्टी, घातली असती तर मिटला असता, हाच विचार मी ऑपरेशनच्या टेबलावर करत होते. भूल देणाऱ्या डॉक्टरने विचारलं, "वजन किती? नक्की सांगा, त्यावर सगळी औषधं ठरतात." मी तोंड उघडलं आणि त्र्याण्णव म्हणणार होते. इतकी सवय! मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "एकशे सात. मी डोळ्यांनी बघितलंय." माझ्या पाठीला लांब सुई लागली. तीनदा टोचली तेव्हा जागा सापडली.

मुलगी आहे. रडली, पण मांजराच्या पिलासारखी. एकदा गालाला लावली आणि नेली. ती वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत आहे, एक किलो सहाशे वीस ग्रॅम. मला उठायला बंदी, फिट येऊ नये म्हणून हातात सुई. म्हणजे माझी मुलगी मी बघू शकत नाही. तो बघू शकतो.

काल तो वरून आला आणि म्हणाला, "छान आहे. एकदम छान आहे."

मी नर्सला हाक मारली आणि विचारलं, खरं आहे का? तो तिथेच उभा होता. नर्सने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "बाळ स्थिर आहे." आज सकाळीही तेच. तो म्हणाला, "हात हलवत होती," आणि मी दुसऱ्या नर्सला विचारलं. चांगली बातमी याच्या तोंडून आली की मला वाटतं, याने स्प्रिंग हलवलीय. आयुष्यभर असंच वाटणार का? मुलगी बरी आहे म्हणेल आणि मी शेजाऱ्यांना विचारायला जाईन?

डॉक्टरीणबाई दुपारी बसल्या होत्या माझ्याजवळ. मी विचारलं, माझ्या वजनामुळे झालं का हे? म्हणाल्या, "वजनाने धोका वाढतो. पण बारीक बायकांनाही होतं हे. तुम्ही काही गुन्हा केलेला नाही. मात्र मला आठवडाभर आधी कळलं असतं तर घाई करावी लागली नसती." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि तो काटा कॉरिडॉरमधून हलवायला सांगितलाय मी. आधीच सांगायला हवं होतं." त्या गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडले. त्या काट्याला चुकवायची युक्ती माझीच होती. शपथेवर सांगते, मला फक्त ओरडून सांगितलेला आकडा नको होता. एवढंच.

त्याने मला उपाशी मरू दिलं नाही, हेही खरं. त्याच्यापायी मी मेले असते, हेही खरं. दोन्ही एकाच माणसाचं. कुठल्या पारड्यात काय टाकू?

रविवार, ११ मे

सकाळी वरच्या मजल्यावर बाळांची वजनं करतात. तो गेला होता. नेहमीपेक्षा उशिरा आला.

आत आला नाही. दारातच उभा राहिला, चौकटीला धरून. दाढी वाढलेली, शर्ट परवाचाच. मी त्याच्याकडे बघितलं, आणि तो तोंड उघडतो, मिटतो. मला त्या ओठांची ओळख आहे. मनात म्हटलं, आता म्हणेल, छान आहे.

"कमी झालंय," तो म्हणाला. "वजन. जन्मली तेव्हापेक्षा कमी आहे. ऐंशी ग्रॅमनी. मी दोनदा करायला लावलं त्यांना. काटा बरोबर आहे."

आणि तो पोरासारखा रडायला लागला. पण नजर हलवली नाही.

ऐंशी ग्रॅम म्हणजे माझ्या शिवणाच्या दोऱ्याच्या मोठ्या रिळाएवढे, आणि ते तिच्या अंगावरून गेले. पण त्याच क्षणी छातीवरचं काहीतरी उतरलंही. गेल्या तीन महिन्यांत त्याने मला सांगितलेली ही पहिली वाईट गोष्ट, आणि मला ती अक्षर न् अक्षर खरी वाटली. मी पण रडायला लागले. त्याला वाटलं, मी बाळासाठीच रडतेय.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर औषध घेऊन आल्या. आमची दोघांची तोंडं बघून घाबरल्याच. काय झालं ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, पहिल्या तीनचार दिवसांत सगळ्याच बाळांचं उतरतं! मग चढतं. वर कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

त्याने मान हलवली. त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं की आपली मुलगी चाललीय, आणि तरीही तो जिना उतरून मला ते सांगायला आला होता.

सिस्टर गेल्या. मी पाय थोडे आत घेतले, टाके ओढले गेले. म्हटलं, "बस इथे."

तो पलंगाच्या कडेवर टेकला, अवघडून. मग तो हळूच म्हणाला, "आणि एक आहे. डोळे उघडले होते तिने. माझ्याकडे बघितलं असं वाटलं."

दारावरून नर्स चालली होती. मी तिला हाक मारली नाही.